नोकरी शोधायला निघाला आणि फिजीला पोचला

समजा, तुम्ही सतरा वर्षांचे आहात. वडील नाहीत, घरात कमावणारं फारसं कुणी नाही. काम शोधायला म्हणून तुम्ही जवळच्या मोठ्या शहरात आलात. ओळख ना पाळख. दोन दिवस हिंडून पाय दुखले, खिसा रिकामा झाला. अशात एक बऱ्या कपड्यातला माणूस तुमच्याशी तुमच्याच भाषेत आपुलकीनं बोलतो. कुठले, कोण, काय करता, विचारतो. चांगली नोकरी आहे म्हणतो. पगार चांगला, काम हलकं, मालक भला. तुम्ही जाल की नाही?

तोताराम सनाढ्य गेला. साल होतं १८९३. ज्या ‘नोकरी’साठी तो निघाला ती थेट पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर निघाली आणि तो मायदेशी परतला तो एकवीस वर्षांनी. पण येताना तो जे सोबत घेऊन आला, त्यानं हिंदुस्थानात मोठी खळबळ माजवली. ही त्याचीच गोष्ट. आणि हो, शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी ती तुमच्या मोबाइलपर्यंत येते.

आधी एक शब्द समजून घ्या

‘गिरमिट’ म्हटलं की घरातल्या आजोबांना सुताराचं भोक पाडायचं हत्यार आठवेल आणि बेळगाव-धारवाडकडच्या मित्राच्या तोंडाला कुरमुऱ्यांच्या आठवणीनं पाणी सुटेल. पण आपल्या गोष्टीतलं गिरमिट वेगळं. इंग्रजी ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचा उत्तर हिंदुस्थानातल्या खेडुतांच्या तोंडी झालेला हा अवतार. ज्यानं गिरमिटावर अंगठा केला तो गिरमिटिया.

ही भानगड सुरू कशी झाली? ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपू लागली. मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना इथल्या उसाच्या मळेवाल्यांना प्रश्न पडला, की आता राबणार कोण? उत्तर सापडलं हिंदुस्थानात. पाच वर्षांचा करार करायचा, जहाजात बसवायचं, मळ्यावर उतरवायचं. १८३४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अॅटलस’ नावाच्या जहाजानं छत्तीस मजूर मॉरिशसला उतरले. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत दहा लाखांहून जास्त माणसं या वाटेनं गेली. बहुतेक जण कोलकाता आणि मद्रास बंदरांतून गेले. पण आपणही यातून सुटलो नव्हतो बरं का. मुंबई बंदरातून कोकणातली आणि इतर भागांतली मराठी माणसंही मॉरिशसला गेली आणि तिथला मराठी समाज आजही गणपती बसवतो.

फिजीचा नंबर उशिरा लागला. ‘लिओनिडास’ हे पहिलं जहाज तिथं १८७९ मध्ये पोचलं. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं तिथं नेली गेली. त्यातलाच एक आपला तोताराम.

माणशी सात-आठ सेकंद

तोतारामचा जन्म १८७६ चा. आग्र्याजवळच्या फिरोजाबादलगत हिरनगाव नावाचं खेडं, तिथलं हे सनाढ्य ब्राह्मण कुटुंब. १८८७ मध्ये वडील गेले, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वडिलांच्या मागे होतं नव्हतं ते देण्याघेण्याच्या व्यवहारात गेलं. घरची ओढाताण बघवेना, तेव्हा सतराव्या वर्षी तो काम शोधायला म्हणून निघाला आणि प्रयागला, म्हणजे अलाहाबादला पोचला.

तिथं त्याला तो गोडबोल्या भेटला. अशा माणसाला ‘अरकाटी’ म्हणत. मळ्यांसाठी मजूर गोळा करून देणारा हा दलाल. डोई मोजून त्याला पैसे मिळायचे. त्यामुळे देवळापाशी, बाजारात, धर्मशाळेत, घाटावर, जिथं म्हणून एकटंदुकटं, भांबावलेलं माणूस दिसेल तिथं हा हजर. घरी भांडून निघालेली सून, कर्जानं गांजलेला शेतकरी, यात्रेत चुकलेली बाई, कामाच्या शोधातला पोरगा. यातलं कुणीही त्याला चालायचं.

अरकाट्यानं तोतारामला एका घरात नेलं. तिथं आधीच खूप बायापुरुष गोळा करून ठेवलेले. फिजी नावाची जागा कशी छान आहे, काम कसं मजेचं आहे, हे त्यांच्या डोक्यात रोज भरलं जात होतं. ती जागा कुठं आहे, किती लांब आहे, याचा कुणालाच पत्ता नव्हता. एकमेकांशी फार बोलू नका, अशी ताकीद होती. साहेब विचारेल तेव्हा फक्त हो म्हणायचं. नाही म्हणाल तर तुमच्यावरच खटला होईल, असा दमही होता.

मग सगळ्यांना मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं. कायदा असं सांगत होता, की मजूर स्वतःच्या मर्जीनं, सगळ्या अटी समजून जातो आहे याची खात्री या साहेबानं करायची. तोतारामांनी पुढं सांगून ठेवलंय, की एकशे पासष्ट माणसांची ही खात्री वीसेक मिनिटांत उरकली. हिशेब करून बघा, माणशी सात-आठ सेकंद पडतात. एवढ्या वेळात पाच वर्षं लिहून घेतली!

कागदावरच्या अटी वरवर बऱ्याच वाटायच्या. दिवसाला एक शिलिंग, म्हणजे बारा आणे. आठवड्यात साडेपाच दिवस काम. पाच वर्षांनी सुटका. दहा वर्षांनी परतीचं भाडं सरकारकडून. त्या काळी खेड्यातल्या मजुराला दिवसाचे दोन-तीन आणे दिसायचे, तिथं बारा आणे म्हणजे चैनच. पण फिजीत धान्य काय भावानं मिळतं, हे कुणी सांगत नव्हतं. काम चुकवलं तर तो फौजदारी गुन्हा धरतात, दंड होतो, तुरुंग होतो आणि तुरुंगातले दिवस कराराला जोडले जातात, हेही कुणी समजावून सांगत नव्हतं.

कोलकात्याच्या डेपोत पोचल्यावर तोतारामला कळलं की काम शेतात राबायचं आहे. त्यानं साफ नकार दिला. त्याला कोठडीत डांबलं, उपाशी ठेवलं. शेवटी भुकेपुढं तो हरला. पुढं ‘जमुना’ नावाच्या जहाजावर चढवलं गेलं. तीन महिन्यांच्या वर समुद्र. खायला कुत्र्यापुढं टाकावीत तशी कडक बिस्किटं, पाणी मोजून. वाटेत कुणी मेलं तर प्रेत समुद्रात.

मे १८९३ मध्ये जहाज फिजीला लागलं. योगायोग बघा, त्याच मे महिन्यात तेवीस वर्षांचा एक तरुण बॅरिस्टर वर्षभराच्या करारावर दक्षिण आफ्रिकेत डरबानला उतरला होता, मोहनदास गांधी. दोघंही करारावर परदेशी आलेले. पण गांधींनी करार वाचला होता, समजून घेतला होता. या दोघांची गाठ पुढं पडायची आहे, ती लक्षात ठेवा.

भूत लेन

जहाजातून उतरवल्यावर माणसांची मळ्यामळ्यांत वाटणी झाली. तोताराम आला नौसोरीला, रेवा नदीकाठच्या मळ्यावर. तिथली साखर गिरणी ऑस्ट्रेलियाच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीची. फिजीतल्या साखरेच्या धंद्यावर या कंपनीची पकड होती.

राहायला ‘कुली लेन’. लांबलचक चाळ, त्यात खुराड्यासारख्या खोल्या. खोली साधारण दहा फूट लांब, सात फूट रुंद. तेवढ्यात तीन एकटे पुरुष, नाहीतर एक जोडपं पोराबाळांसकट. चूल तिथंच, झोपणं तिथंच, लाकडं तिथंच.

तोतारामला खोलीत सोबती मिळाले एक मुसलमान आणि एक चर्मकार समाजातला. हिरनगावच्या या ब्राह्मण पोरानं यांच्याबरोबर राहणार नाही, म्हणून दुसरी खोली मागितली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तो ज्या घरात आणि ज्या काळात वाढला, ते सगळं त्याच्या डोक्यात होतंच. साहेबानं त्याला एक ओस पडलेली चाळ दाखवली. आधी तिथं काही मजूर मेलेले, म्हणून तिला सगळे ‘भूत लेन’ म्हणत आणि कुणी तिकडं फिरकत नसे. तोताराम तिथं एकटा राहू लागला.

काम असायचं टास्कवर. म्हणजे रोज प्रत्येकाला उसाच्या रानाचा ठरावीक तुकडा नेमून द्यायचा. तो पुरा झाला तर शिलिंग, नाहीतर कापून. तुकडा केवढा, हे साहेब आणि त्याच्या हाताखालचा सरदार ठरवणार. सरदार म्हणजे आपल्याकडचा मुकादम. दणकट गड्यालाही झेपणार नाही एवढं काम नव्या पोराला दिलं जायचं. बारा आणे कागदावर राहायचे, हातात त्याहून खूप कमी पडायचं. त्यातून सुरुवातीच्या महिन्यांत शिध्याचे पैसे कापून घेत आणि आठवड्याचा शिधा आठवडाभर पुरत नसे. शेवटचे दिवस उपास.

भूक, एकटेपण, आणि परत जायला वाट नाही. एका रात्री तोतारामनं जगणंच नको असं ठरवलं. तो काही एकटाच नव्हता. फिजीच्या गिरमिटियांमध्ये जीव देणाऱ्यांचं प्रमाण इतकं होतं, की पुढं चौकशी करणारेही हादरले. पण त्या रात्री भूत लेनच्या दारावर थाप पडली. दारात काही फिजियन माणसं उभी होती, तिथलीच, मूळची. भाषा वेगळी, धर्म वेगळा. पोराची अवस्था त्यांनी बघितली आणि त्याला खाऊ घातलं. तोताराम वाचला.

त्यानं ज्यांच्याशी खोली वाटून घ्यायला नकार दिला होता तीही माणसंच आणि ज्यांच्याशी नातंगोतं काहीच नव्हतं तीही माणसंच. भूत लेनची ही हकीगत त्यांनी पुढं सांगून ठेवली. त्यांच्या या आठवणींचं हस्तलिखित छापून यायला मात्र १९९४ साल उजाडलं.

पाच वर्षं संपली, पुढं काय?

१८९८ मध्ये गिरमिट संपलं. आता आपण त्यांना अहोजाहो करू, कारण पोरगा आता कर्ता झाला होता. घरी परतायचं तर भाडं स्वतःचं हवं. ते कुठून आणणार? तोतारामांनी कर्ज काढून जमीन खंडानं घेतली, शेती केली. जोडीला पुरोहितपणा केला. गिरमिटिया कुटुंबातल्या गंगादेवींशी लग्न झालं. ते फिजियन भाषा शिकले. रामलीला भरवण्यात पुढाकार घेतला. चार पैसे गाठीला लागले.

इथं थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. आपण सुटलो, आपलं बरं चाललंय, असं म्हणणारे खूप होते. पण तोताराम मळ्यामळ्यांवर जाऊन माणसांच्या हकीगती ऐकत राहिले. कुणाला किती दंड झाला, कुणाला कुणी मारलं, कोर्टात काय झालं. कोर्टात मजुराची बाजू मांडणारं आपलं कुणी नव्हतं. गोऱ्या वकिलांची फी परवडत नसे आणि त्यांच्यावर भरवसाही नसे.

म्हणून तोताराम आणि त्यांच्या साथीदारांनी थेट दक्षिण आफ्रिकेत गांधींना कळवलं, की आम्हाला एक हिंदी वकील पाठवा. गांधींनी ती मागणी आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रातून लोकांपुढं ठेवली आणि १९१२ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर फिजीत आले. बडोद्याचे मणिलाल त्याआधी मॉरिशसमध्ये मजुरांच्या बाजूनं लढलेले. फिजीच्या गिरमिटियांना पहिल्यांदाच आपला वकील मिळाला.

त्याच सुमारास रेवा भागातल्या एका मळ्यावर कुंती नावाच्या तरुण गिरमिटिया स्त्रीला मुद्दाम इतरांपासून लांब, एकटीला काम दिलं गेलं. ओव्हरसियर तिथं गेला. तिनं प्रतिकार केला, हात सोडवून घेतला आणि सरळ नदीत उडी मारली. जवळच होडीत असलेल्या एका मुलानं तिला वाचवलं. अशा गोष्टी तिथं नव्या नव्हत्या. शंभर पुरुषांमागं चाळीस बायका नेल्या जात आणि त्यांची अब्रू कुणाच्याच जबाबदारीची नव्हती. नवं हे होतं, की कुंती गप्प बसली नाही. तिची हकीगत कोलकात्याच्या ‘भारतमित्र’ या हिंदी पत्रात छापून आली. देशभर संताप उसळला, सरकारला चौकशी करावी लागली. फिजीतल्या अधिकाऱ्यांनी तिलाच खोटं ठरवायचा प्रयत्न केला. पण लोकांचा विश्वास कुंतीवर होता.

एकवीस वर्षं, एक पुस्तक

१९१४ मध्ये तोताराम आणि गंगादेवी हिंदुस्थानात परत आले. फिरोजाबादला त्यांना एक तरुण शिक्षक भेटला, बनारसीदास चतुर्वेदी. वय वर्षं एकवीस! तोताराम जितकी वर्षं फिजीत होते तितकंच या पोराचं वय. तोताराम सांगत गेले आणि चतुर्वेदी लिहीत गेले. त्याच वर्षी पुस्तक आलं, ‘फिजीद्वीप में मेरे इक्कीस वर्ष’. पुस्तकावर नाव फक्त तोतारामांचं. लिहिणाऱ्यानं आपलं नाव पुढं केलं नाही. हेच चतुर्वेदी नंतर हिंदीतले नामवंत पत्रकार झाले, राज्यसभेवरही गेले.

पुस्तकात अलंकार नाहीत. अरकाटी कसा फसवतो, जहाजात काय खायला देतात, टास्क किती, शिधा किती, दंड किती, कुठल्या मळ्यावर कुणाचं काय झालं, हे सगळं सरळ सांगितलेलं आहे. म्हणूनच ते झोंबलं. तोवर गिरमिटावर अहवाल होते, आकडे होते, विधिमंडळातली भाषणं होती. भोगलेल्या माणसानं स्वतः, खेड्यातल्या माणसालाही कळेल अशा हिंदीत सांगितलेलं असं पुस्तक लोकांच्या हाती पहिल्यांदाच पडत होतं. वेगवेगळ्या भारतीय भाषांत त्याचे अनुवाद झाले.

आता यातला आपला माणूस. विधिमंडळातली ती लढाई लढत होते गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये त्यांनी नाताळला मजूर पाठवणं थांबवायचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला, सरकारनं तो मान्य केला आणि १९११ मध्ये नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ ला ते पुढं गेले आणि ही पद्धतच सगळीकडं बंद करा, असा ठराव त्यांनी मांडला. अडाणी माणसाला शिक्षेची कलमं न सांगता बांधून घेणं याला करार म्हणताच येणार नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. मतदान झालं. बाजूनं बावीस, विरुद्ध तेहतीस. बावीसच्या बावीस हिंदी सदस्य होते. सरकारी मतांपुढं ठराव पडला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. गिरमिटाचा शेवट त्यांना बघता आला नाही.

पण चक्रं फिरली होती. १९१५ मध्ये सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअरसन फिजीत जाऊन मळे बघून आले. त्यांच्या अहवालानं तोतारामांच्या सांगण्याला बळ दिलं. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी पुन्हा ठराव आणला आणि या वेळी व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तो तत्त्वतः मान्य केला. सरकार तरी वेळ काढत होतं. सभा होत राहिल्या, स्त्रियांचं शिष्टमंडळ व्हाइसरॉयला भेटलं आणि १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० ला फिजीतल्या उरल्यासुरल्या गिरमिटियांचे करार रद्द झाले.

हे एकट्या तोतारामांनी केलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. गोखले होते, गांधी होते, अँड्र्यूज, मालवीय होते, कुंती होती, आणि नावं माहीत नसलेले हजारो होते. पण बाकीच्यांच्या हातात पुरावा लागतो. तो देणाऱ्यांत तोताराम पुढं होते.

पुढं १९२२ च्या सुमारास तोताराम आणि गंगादेवी साबरमती आश्रमात राहायला गेले. तोतारामांनी आश्रमाची शेती सांभाळली. आठवतंय ना, एके काळी खोलीतले सोबती चालत नाहीत म्हणून भूत लेनमध्ये राहायला गेलेला पोरगा? तोच माणूस आता अशा ठिकाणी मातीत राबत होता जिथं जातपात आणि शिवाशिव पाळायची नाही हा नियमच होता. १९४७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता मोबाइल उघडा

परदेशात डेटा एंट्रीची नोकरी, राहणं-जेवण फुकट, अनुभवाची अट नाही, अशी जाहिरात तुम्हालाही आली असेल. तिला भुलून गेलेले आपल्या देशातले तरुण कंबोडिया, म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. पासपोर्ट काढून घेतलेला, रोजचं टार्गेट ठरलेलं, पुरं झालं नाही तर मार. अरकाटी आता चौकात उभा राहत नाही, मेसेज पाठवतो. टास्कचं नाव टार्गेट झालं, एवढंच.

एक फरक मात्र मोठा आहे. तोतारामला विचारायला कुणी नव्हतं, तुम्हाला आहे. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते आणि तो नोंदलेला आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येतं. व्हिसा पर्यटनाचा आणि काम नोकरीचं असं असेल तर तिथंच थांबा. कराराची प्रत घरच्यांकडं ठेवून जा. घाई करणाऱ्या माणसाला सांगा, की आधी वाचतो, चार जणांना विचारतो, मग सही.

आणि कुणी मित्र असा फसून परत आला, तर त्याला हसू नका. शरमेनं तो गप्प बसला, की पुढच्या पोराला सावध करणारं कुणी उरत नाही. त्याला बसवा, चहा द्या आणि सगळं सांगू द्या. तुमच्यातल्या कुणाला लिहिता येत असेल, तर ते लिहूनही काढा.